आकडाच सांगतो, चूक कुठे आहे

स्वयंपाक आटोपला असेल तर निवांत बसून ऐका, नसेल आटोपला तर हात चालू ठेवून ऐका. पण आज जमलं तर जवळ एक वही आणि पेन ठेवा. घरात शाळेत जाणारं मूल असेल तर त्यालाही हाक मारा, कारण आज आम्ही तुम्हाला एका आकड्याची ओळख करून देणार आहोत.

आकडा लिहून घ्या. तीन, सहा, शून्य, तीन, सहा, शून्य. ३,६०,३६०. तीन लाख साठ हजार तीनशे साठ.

आकडा मोठा आहे, पण आपल्या ओळखीच्या जगातलाच आहे. पाच-सात वर्षं नियमित चाललेल्या बचत गटाची बचत, त्यावरचं व्याज आणि जमलेला दंड असं सगळं धरलं, तर गटाचा पैसा एवढ्या घरात जाऊ शकतो. तर असं समजू या की एका गटाकडे बरोबर ३,६०,३६० रुपये जमले आहेत आणि ते सगळ्यांनी सारखे वाटून घ्यायचं ठरलंय.

आपल्या गटांत साधारण दहा ते वीस बायका असतात. गटात दहा जणी असतील तर प्रत्येकीला ३६,०३६ रुपये मिळतील. अकरा जणी असतील तर ३२,७६०. बारा असतील तर ३०,०३०. तेरा जणींना २७,७२०, चौदा जणींना २५,७४०, पंधरा जणींना २४,०२४. लक्षात आलं का? कितीही जणी असोत, वर एक रुपयासुद्धा उरत नाही. "हा एक रुपया कुणाचा?" असा प्रश्नच येत नाही. तुम्ही एकपासून पंधरापर्यंत कोणताही आकडा घ्या, त्याने ३,६०,३६० ला पूर्ण भाग जातो. आणि एकपासून पंधरापर्यंतच्या सगळ्यांनी भाग जाईल अशी याच्यापेक्षा लहान संख्याच नाही. ही त्यातली सगळ्यात लहान.

आता याच्या शेजारचा गोल दिसणारा आकडा घ्या, ३,६०,००० रुपये. दिसायला किती सोपा! पण गटात अकरा जणी असल्या तर प्रत्येकीला ३२,७२७ रुपये देऊन वर तीन रुपये उरतात. तेरा जणी असल्या तर चार रुपये उरतात, चौदा जणी असल्या तरी चारच. म्हणजे शेवटी शून्यं दिसली की हिशेब सोपा होतो, हे काही खरं नाही. आकडा आतून कसा बनलाय, त्यावर सगळं अवलंबून असतं.

मग हा आकडा आतून बनलाय कसा? आपल्या मसाल्याच्या डब्यासारखा. डब्यात सहा वाट्या आहेत असं समजा. पहिल्या वाटीत दोन, दुसरीत तीन, मग पाच, सात, अकरा आणि तेरा. या संख्यांना शाळेत मूळ संख्या म्हणतात. एक आणि ती स्वतः सोडली तर दुसऱ्या कशानेच त्यांना भाग जात नाही. आता दोन हा आकडा तीनदा घ्या, तीन हा आकडा दोनदा घ्या, आणि पाच, सात, अकरा, तेरा एकेकदा. सगळ्यांचा गुणाकार करत जा. दोन दुणे चार, चार दुणे आठ. आठ त्रिक चोवीस, चोवीस त्रिक बहात्तर. बहात्तर पाचे ३६०. ३६० साते २,५२०. त्याला अकराने गुणलं की २७,७२०. आणि तेराने गुणलं की आपला आकडा, ३,६०,३६०.

तुम्ही विचाराल, यात बारा कुठे आहे? पंधरा कुठे आहे? ते वेगळे घालावे लागत नाहीत. बारा म्हणजे दोन, दोन आणि तीन, ते डब्यात आहेतच. पंधरा म्हणजे तीन आणि पाच, तेही आहेत. चौदा म्हणजे दोन आणि सात. ज्या संख्येचं सामान डब्यात आहे, तिने भाग जाणारच. अठराचं सामान आहे, विसाचंही आहे, म्हणून अठरा जणींना २०,०२० आणि वीस जणींना १८,०१८ रुपये बरोबर येतात. सोळाला मात्र दोन चार वेळा लागतो, आपल्याकडे तीनच वेळा आहे. म्हणून सोळा जणींत वाटलं तर प्रत्येकीच्या वाट्याला २२,५२२ रुपये पन्नास पैसे येतात, आणि पन्नास पैसे आता कुठून आणायचे? सतरा आणि एकोणीस स्वतःच मूळ संख्या आहेत, त्या आपल्या डब्यात नाहीत, म्हणून तिथे बाकी उरते. सतरा जणींत अकरा रुपये उरतात आणि एकोणीस जणींत सहा.

एवढंच सामान, पण त्यातून किती पदार्थ होतात पाहा. ३,६०,३६० ला पूर्ण भाग जाईल अशा एकूण १९२ संख्या आहेत. त्या एकेक मोजत बसायची गरज नाही. दोन एकदाही घ्यायचा नाही, एकदा घ्यायचा, दोनदा किंवा तीनदा, असे चार मार्ग. तीनचे तसेच तीन मार्ग. बाकीच्या चौघांचे दोन-दोन, घ्यायचा किंवा नाही घ्यायचा. चार गुणिले तीन, मग चार वेळा दुप्पट. १२, २४, ४८, ९६, १९२. झालं.

बांगड्या, अंडी, केळी आपण डझनावर घेतो त्यात हीच सोय आहे. बाराचे अर्धे होतात, तिसरा भाग होतो, चौथा होतो, सहावा होतो. दहाचे फक्त दोन आणि पाच. तासाची मिनिटं साठ आणि वर्तुळाचे अंश ३६०, यातही तीच सोय आहे. आपल्या आकड्यात तर हे ३६० दोनदा शेजारी-शेजारी बसले आहेत. ३६० आणि पुन्हा ३६०.

हे दोनदा येणं उगाच नाही. त्यामागे १,००१ हा आकडा आहे. लग्नात आहेराचं पाकीट देताना वर एक रुपया असतो ना, १०१, ५०१, १,००१? त्यातला १,००१ म्हणजे सात गुणिले अकरा गुणिले तेरा. साता अकरा सत्याहत्तर, आणि सत्याहत्तर तेरे १,००१. आणि कोणत्याही तीन अंकी संख्येला १,००१ ने गुणलं की ती संख्या दोनदा शेजारी येऊन बसते. ३६० गुणिले १,००१ म्हणजे ३,६०,३६०.

याची एक गंमत मुलांना करायला सांगा. कोणताही तीन अंकी आकडा दोनदा लिहायचा. २७५ घेतला तर २,७५,२७५. याला सातने भागा, बाकी उरत नाही, ३९,३२५ येतात. त्याला अकराने भागा, ३,५७५ येतात. त्याला तेराने भागा, आणि पुन्हा सुरुवातीचे २७५ हजर. दुसरा कोणताही आकडा घ्या, असंच होतं. सातने भाग देण्याचा कंटाळा करणारी मुलंसुद्धा हे चार वेळा करून बघतील.

मैत्रिणींनो, आता आम्ही मुद्द्यावर येतो. एवढ्या मोठ्या आकड्याला कशाने भाग जातो, हे दर वेळी भागाकार करून पाहावं लागत नाही. आकड्याचा चेहरा पाहूनच बरंच कळतं. शेवटी शून्य आहे, म्हणून दोन, पाच आणि दहाने भाग जातो. शेवटचे दोन अंक ६० आहेत, साठला चारने भाग जातो, म्हणून सगळ्या आकड्याला चारने जातो. शेवटचे तीन अंक ३६०, त्याला आठने भाग जातो, म्हणून सगळ्याला आठने जातो. शाळेत याला विभाज्यतेच्या कसोट्या म्हणतात. यातल्या दोन कसोट्या आपल्या गटाच्या फार कामाच्या आहेत, एक नऊची आणि दुसरी अकराची.

नऊची कसोटी सोपी आहे. आकड्यातले सगळे अंक मिळवा. तीन, सहा, शून्य, तीन, सहा, शून्य. बेरीज अठरा. अठराला नऊने भाग जातो, म्हणून ३,६०,३६० ला नऊने भाग जातो. बस.

पण असं का होतं? हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, फक्त पाठ करून घेतलं होतं. खरं तर ते नोटांवरून चटकन समजतं. शंभराची एक नोट नऊ जणींत वाटायची आहे. प्रत्येकीला अकरा रुपये, नऊ अकरे नव्याण्णव, वर उरला एक रुपया. दहाची नोट वाटा, प्रत्येकीला एक, वर उरला एक. हजार रुपये वाटा, प्रत्येकीला १११, वर उरला एक. म्हणजे दहा असोत, शंभर असोत, हजार असोत किंवा लाख, नऊ जणींत वाटल्यावर प्रत्येक वेळी वर एकच रुपया उरतो. मग सहाशे वाटले तर सहा उरतील, तीन लाख वाटले तर तीन उरतील. सगळे उरलेले रुपये एकत्र केले की तीच अंकांची बेरीज. तिला नऊने भाग गेला की सगळ्याला गेला.

आता यातून एक गोष्ट निघते, ती नीट ऐका. अंकांची जागा बदलली तरी अंकांची बेरीज बदलत नाही. ३६० मध्ये तीन, सहा, शून्य. ६३० मध्येही तेच तीन, सहा, शून्य. दोन्हींना नऊने भागलं तर बाकी सारखीच राहणार. म्हणून दोन अंकांची अदलाबदल झाली, तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यातल्या फरकाला नऊने भाग जातोच जातो. ६३० वजा ३६० म्हणजे २७०. नऊ त्रिक सत्तावीस.

हे कुठे उपयोगी पडतं? मासिक बैठकीत पेटी उघडल्यावर.

समजा, बैठक संपत आली आहे. वसुली झाली, कर्ज वाटप झालं. रोकडवहीप्रमाणे पेटीत १४,८२० रुपये असायला हवेत. मोजले तर निघाले १४,५५०. पुन्हा मोजले, तेवढेच. २७० रुपये कमी. कुणी काही बोलत नाही, पण नजरा कोषाध्यक्ष ताईकडे वळतात. ती बिचारी चार-चारदा नोटा मोजते. एखादी म्हणते, "असू दे, घरी राहिले असतील." या "घरी राहिले असतील" मध्ये जे असतं, ते सगळ्यांना कळतं. अशा वेळी ती ताई स्वतःच्या पदरचे २७० रुपये भरून मोकळी होते. पैसे भरले जातात, पण संशय तसाच राहतो. पुढच्या वर्षी हे पद घ्यायला कुणी तयार होत नाही. आम्हाला वाटतं, गट मोडतात ते पैशाच्या तोट्यापेक्षा अशा न बोललेल्या संशयाने जास्त मोडतात.

म्हणून आमचं सांगणं आहे, पेटीत फरक आला की आधी माणसाकडे बघू नका, फरकाच्या आकड्याकडे बघा. २७०. अंकांची बेरीज दोन आणि सात, नऊ. म्हणजे नऊने भाग जातो. मग वहीत तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, अंकांची अदलाबदल. २७० म्हणजे नव्वद गुणिले तीन. शतकाच्या जागी एक वाढला की शंभर वाढतात आणि दशकाच्या जागी एक घटला की दहा घटतात, म्हणून शतक आणि दशक यांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नव्वदच्या पटीत येतो. किती पट, तर त्या दोन अंकांत जेवढं अंतर असेल तेवढी. इथे तीन पट आहे, म्हणजे असा आकडा शोधायचा की ज्याच्या शतक आणि दशकाच्या अंकांत तीनचं अंतर आहे. १४० चे ४१० झाले असतील, २५० चे ५२० झाले असतील, ३६० चे ६३० झाले असतील. शंभर नोंदी असतील तर त्यातल्या मोजक्याच नोंदी पाहाव्या लागतात. फरक २७ असता तर दशक आणि एकक पाहायचे. २,७०० असता तर हजार आणि शतक.

दुसरी, शून्य सुटलं किंवा जास्त पडलं. ५०० च्या जागी ५० लिहिले तर फरक ४५० येतो, त्यालाही नऊने भाग जातो. फरकाला नऊने भागलं की लहान आकडा हाती येतो. आपल्या २७० ला नऊने भागलं तर ३० येतात. म्हणजे कुठे ३० च्या जागी ३०० लिहिले आहेत का, तेही पाहायचं. दंडाच्या नोंदीत असं होऊ शकतं.

तिसरी गोष्ट नऊची नाही, निम्म्याची आहे. फरकाचे दोन भाग करा. २७० चे निम्मे १३५. वहीत १३५ ची नोंद कुठे आहे का आणि ती जमेच्या जागी नावे किंवा नावेच्या जागी जमा पडली आहे का, ते पाहा. चुकीच्या बाजूला गेलेली रक्कम फरकात दुप्पट होऊन दिसते.

आता वही पाहिली आणि सापडलं, एका मैत्रिणीने कर्जाचा हप्ता ३६० रुपये दिला होता आणि वहीत ६३० लिहिले गेले होते. पेटी बरोबर होती, वही चुकली होती. २७० रुपये कुणी नेलेच नव्हते, कारण ते कधी आलेच नव्हते.

अशी चूक आपल्याकडे सहज होते, आणि त्यात आपल्या भाषेचाही हात आहे. आपण आकडा लिहिताना आधी दशक लिहितो, पण बोलताना आधी एकक बोलतो. त्रेसष्ट म्हणताना आधी तीन येतो, मग साठ. लिहिताना आधी सहा, मग तीन. घाईत कानावर तीन आधी पडला की हात तीन आधी लिहितो, आणि ६३ चे ३६ होतात. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टच्या जोडीला 'साठ तीन' अशीही पद्धत दिली होती. त्यावर राज्यभर बरीच चर्चा झाली, काहींनी चेष्टाही केली. ती पद्धत आवडो न आवडो, तिच्यामागची अडचण मात्र खरी आहे. आणि पाहा, ३६ म्हटलं की आपल्याला छत्तीसचा आकडा आठवतो, तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेले. ६३ मध्ये तेच दोघं समोरासमोर असतात. वहीतल्या एका अदलाबदलीने दोन मैत्रिणींत छत्तीसचा आकडा व्हायला वेळ लागत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फरकाला नऊने भाग गेला म्हणजे चूक अदलाबदलीचीच आहे, असा हा पुरावा नाही. एखादी नोंद राहून गेली असेल आणि ती रक्कम योगायोगाने नऊच्या पटीत असेल. नऊची कसोटी कुठे शोधायचं ते दाखवते. कोण खरं आणि कोण खोटं, ते ती सांगत नाही. पण फरकाला नऊने भाग जात नसेल, तर एक मात्र नक्की कळतं, की नुसत्या एका अदलाबदलीने किंवा नुसत्या एका शून्याने हा फरक आलेला नाही. मग राहून गेलेली नोंद शोधायची.

बेरजेचा ताळा पाहायलाही नऊच कामाला येतो. घरातल्या जुन्या माणसांना ताळा हा शब्द माहीत असेल. १,२५०, ३,४८० आणि २,७६५ यांची बेरीज आली ७,४९५. बरोबर आहे का? पहिल्याचे अंक मिळवून आठ. दुसऱ्याचे पंधरा, एक आणि पाच मिळवून सहा. तिसऱ्याचे वीस, म्हणजे दोन. आठ, सहा आणि दोन सोळा, एक आणि सहा सात. आता उत्तराचे अंक मिळवा. सात, चार, नऊ, पाच, पंचवीस, दोन आणि पाच सात. सात आणि सात, ताळा जमला. ताळा जमला नाही, तर बेरीज नक्की चुकली. जमला, तर बहुतेक बरोबर. बहुतेक म्हणायचं कारण तुमच्या लक्षात आलं असेल. अंकांची अदलाबदल नऊला दिसतच नाही, कारण अंकांची बेरीज तीच राहते.

जे नऊला दिसत नाही, ते अकराला दिसतं. अकराची कसोटी अशी. उजवीकडून एकाआड एक अंक मिळवायचे. ३,६०,३६० मध्ये उजवीकडून पहिला शून्य, तिसरा तीन, पाचवा सहा. बेरीज नऊ. आता राहिलेले, दुसरा सहा, चौथा शून्य, सहावा तीन. बेरीज पुन्हा नऊ. दोन्ही सारख्या आल्या किंवा त्यांत अकराचा, बावीसचा फरक आला, तर अकराने भाग जातो. आता कुणी चुकून ६,३०,३६० लिहिलं असं समजा. अंकांची बेरीज अठराच, नऊला काही कळलं नाही. पण एकाआड एक मिळवा. एका बाजूला शून्य, तीन, तीन, म्हणजे सहा. दुसऱ्या बाजूला सहा, शून्य, सहा, म्हणजे बारा. फरक सहा. अकराने भाग जात नाही. म्हणजे हा आपला आकडा नव्हे, काहीतरी उलटंपालटं झालं. शेजारच्या दोन वेगवेगळ्या अंकांची अदलाबदल अकराच्या नजरेतून सुटत नाही.

हीच युक्ती आणखी पुढे नेलेली आपल्या सगळ्यांच्या पाकिटात आहे. आधार कार्डावर बारा अंक असतात. त्यातला शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून हिशेब करून काढलेला असतो. तो पहारेकरी अंक आहे. नंबर लिहिताना एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले, तर तो हिशेब जमत नाही आणि ही तपासणी करणाऱ्या संगणकाला चूक लगेच कळते. पण प्रत्येक नंबराला असा पहारेकरी असेलच असं नाही. म्हणून बँकेचा खाते नंबर किंवा पैसे पाठवायचा मोबाईल नंबर दोघींनी मिळून, एकेक अंक वाचूनच तपासायचा.

आकड्यांच्या अशा गमती शोधण्यात आयुष्य घालवलेले एक मास्तर आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. नाशिकजवळ देवळालीला ते शाळेत शिकवायचे. गणितातली कुठली मोठी पदवी त्यांच्याकडे नव्हती, पण कागद, पेन्सिल आणि चिकाटी होती. त्यांचा एक आकडा आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो, ६,१७४.

तोही करून बघा. चार अंकी आकडा घ्या, पण सगळे अंक सारखे नकोत. ३,५२४ घेऊ. अंक मोठ्यापासून लहानापर्यंत लावले तर ५,४३२, उलटे लावले तर २,३४५. वजाबाकी ३,०८७. पुन्हा तसंच, ८,७३० वजा ०३७८, आले ८,३५२. पुन्हा ८,५३२ वजा २,३५८, आले ६,१७४. आता ६,१७४ लाही तसंच करा, ७,६४१ वजा १,४६७. पुन्हा ६,१७४ च. तुम्ही कोणत्याही आकड्यापासून सुरू करा, जास्तीत जास्त सात वेळा वजाबाकी केली की ६,१७४ वर येऊन थांबता. आणि प्रत्येक पायरीवर आलेल्या उत्तराचे अंक मिळवून पाहा. ३,०८७ चे अठरा. ८,३५२ चे अठरा. ६,१७४ चेही अठरा. आपल्या पेटीतल्या फरकाचंच हे गणित आहे. अंक तेच, जागा बदलल्या, म्हणून वजाबाकीला नऊने भाग जाणारच.

कापरेकरांनी आणखी एका जातीच्या संख्यांना नाव दिलं, हर्षद संख्या. हर्षद म्हणजे आनंद देणारी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, ती हर्षद. ६,१७४ ला अठराने भागा, बरोबर ३४३ येतात. आणि आपल्या ३,६०,३६० ला अठराने भागा, बरोबर २०,०२० येतात. म्हणजे आपला आकडाही हर्षदच आहे.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणींची शाळा चौथीत, सातवीत सुटली. गणिताची वही बंद झाली आणि "हिशेब आपल्याला जमत नाही" हे मनात बसलं. मग बँकेत कुणी, दुकानात कुणी, घरात कुणी आकडा सांगितला की आपण तो मानून घेतो. पण आज तुम्ही जे ऐकलं, त्यात बेरीज, वजाबाकी आणि नऊचा पाढा याच्या पुढचं काही नव्हतं. तेवढ्यात लाखांच्या आकड्याची परीक्षा घेता येते.

म्हणून पुढच्या बैठकीपासून एवढं करा. रक्कम सांगताना "त्रेसष्ट" म्हटलं, तर लगेच "सहा-तीन" असंही म्हणा, आणि लिहिणारीने ते परत वाचून दाखवावं. रक्कम अंकांत आणि अक्षरांत, दोन्ही लिहा. पानाची बेरीज झाली की दुसऱ्या एखादीने नऊचा ताळा घ्यावा. दर महिन्याला ताळा घेणारी वेगळी असू दे, म्हणजे सगळ्याच जणी शिकतील. आणि पेटीत फरक आला, तर सगळ्यांसमोर तो आकडा मोठ्या अक्षरांत लिहा. आधी नऊने भागा, मग निम्मा करा, मग वही चाळा. एवढं होईपर्यंत कोषाध्यक्ष ताईला कुणी एक शब्दही बोलायचा नाही आणि तिनेही पदरचे पैसे काढायचे नाहीत.

जाता जाता एक गणित देतो. एका गटाच्या पेटीत वहीपेक्षा ५४० रुपये कमी निघाले. वहीत काय काय शोधायचं? अदलाबदल असेल तर कोणत्या दोन जागांची आणि त्या अंकांत अंतर किती? शून्य जास्त पडलं असेल तर लहान आकडा कोणता? आणि बाजू चुकली असेल तर नोंद कितीची? पुढच्या बैठकीत सगळ्या मिळून सोडवा, आणि उत्तर आलं की केंद्रावर आम्हाला कळवा. नमस्कार.